फोन दर्यात गेलाय

ऑगस्ट २०२० च्या पहिल्या आठवड्यात माझ्या दहावीच्या ऑनलाइन तासाची हजेरी २६ वरून एकदम १४ वर आली. आधी मी रेंजला बोल लावला, मग पावसाला. शेवटी एका मुलीच्या आईला शेजारणीच्या फोनवर गाठलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, फोन ह्यांच्याबरोबर दर्यात गेलाय."

किनाऱ्यावर राहून मला हे आधी सुचायला हवं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे बाप घरी आणि फोनही घरी. त्या वर्षी नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला आली. नारळ वाहिला, होड्या सुटल्या, आणि माझा निम्मा वर्ग त्यांच्याबरोबर पाण्यात गेला. फोन चार-पाच दिवसांनी परत यायचा, तोवर गटावर दीडशे मेसेज साठलेले असायचे. त्यातलं गणित कोणतं आणि सुप्रभात कोणतं, हे शोधण्यातच रात्र जायची.

दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून जवळ असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. दहावीला तेव्हा ४१ मुलं होती, पैकी तीन मुंबईहून आलेली. चाकरमानी टाळेबंदीत गावाकडे परतले आणि मुलांचे दाखले मागाहून पोचले. त्या तिघांकडे स्वतःचे फोन होते, पण रेंज कुठे मिळते ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडच्यांना प्रत्येक सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, रेंज तोंडपाठ होती, फोन मात्र नव्हते.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आधीच्या दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. शाळेच्या दोन वर्गांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. १५ जूनपासून शैक्षणिक वर्ष सुरू, शिक्षण ऑनलाइन, असं पत्र आलं तेव्हा मी स्वतः बाजारपेठेतल्या एका जनरेटरवर पैसे देऊन फोन चार्ज करत होते. ते पत्र मी त्याच रांगेत उभी राहून वाचलं.

जुलैत गूगल मीटवर तास घ्यायला लागले. पहिले पंधरा दिवस "सर्वांनी माइक बंद करा" आणि "माझा आवाज येतोय का" या दोन वाक्यांत गेले. मग फळ्यासमोर उभं राहून व्हिडिओ काढले. व्हॉट्सॲपवर तेव्हा १६ एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसे, म्हणून एका उदाहरणाचे तीन तुकडे करायचे. मुलांच्या फोनची मेमरी आधीच भरलेली, मग कोणाला फक्त मधला तुकडा दिसायचा. समीकरण कुठून आलं ते माहीत नाही, कुठे गेलं तेही नाही.

शेवटी अगदी साध्या गोष्टीवर आले. वहीच्या एका पानावर उदाहरण सोडवायचं, पायऱ्यांना १, २, ३ असे आकडे घालायचे, त्याचा फोटो टाकायचा आणि सोबत तीन मिनिटांचा आवाज: "आता दुसऱ्या ओळीकडे बघा." अर्धा एमबीही लागत नसे. आवाज कधीही ऐकता येतो, परत ऐकता येतो, बाप रात्री आठला घरी आल्यावर ऐकता येतो. माझ्या दिवसाचं वेळापत्रकच बदललं. सकाळी ११ चा तास कागदावर राहिला आणि खरा तास रात्री ८ नंतर भरू लागला. शंका साडेनऊला यायच्या. माझ्या घरच्यांना हे आवडलं नाही, पण त्याला इलाज नव्हता.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या सर्वेक्षणाचं काम आम्हा शिक्षकांकडेही आलं. ताप मोजायची बंदूक आणि ऑक्सिमीटर घेऊन वाड्यावाड्यांतून फिरायचं. कामाचा वैताग होताच, मी तो लपवत नाही. पण त्या फिरण्याने मला माझा ऑनलाइन वर्ग पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. एका घरात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या खिळ्याला टांगलेला होता, कारण रेंज फक्त तिथे यायची. काढून हातात घेतला की गेली. म्हणजे त्या मुलाने माझं पानभर गणित खिडकीकडे मान वर करून वाचायचं, आणि आवाज स्पीकरवर ऐकायचा. ऐकायला अख्खी पडवी. त्याची आजी माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "बाय, रात्रीची बोलत असतेस ती तूच काय?" मी हो म्हटलं. "उणे उणे करत असतेस," ती म्हणाली, आणि ऑक्सिमीटरसाठी बोट पुढे केलं.

आणखी एक गोष्ट कळली. ज्यांच्याकडे फोनच नाही असं मी धरून चालले होते, त्यातली काही मुलं शेजारच्या पडवीत बसून ऐकत होती आणि वहीत उतरवून घेत होती. माझ्या तक्त्यात ती गैरहजर होती. उलट तक्त्यात रोज हजर असलेला एक मुलगा मीट चालू करून गुरं सोडायला जात होता.

फोन नसलेल्यांसाठी आम्ही पिशव्या सुरू केल्या. प्रत्येक वाडीच्या किराणा दुकानात एक कापडी पिशवी ठेवायची, मुलांनी त्यात वह्या टाकायच्या, सोमवारी वडापवाला, म्हणजे खासगी प्रवासी जीपवाला, त्या शाळेत आणायचा, गुरुवारी परत न्यायचा. पहिल्या खेपेला आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने वह्यांवर सॅनिटायझर फवारलं. शाई पसरली आणि दोन वह्यांतलं अख्खं प्रकरण निळं झालं. त्यानंतर वह्या एक दिवस नुसत्या टेबलावर पसरून ठेवायचो.

२३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग उघडले. त्याआधी शिक्षकांना आरटी-पीसीआर सक्तीची होती. दिवाळी नुकतीच झालेली, रुग्णालयाबाहेर तालुक्यातले निम्मे शिक्षक रांगेत. आमच्यातल्या एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला, त्याला शिंकही नव्हती. ती बातमी गावात आमच्याआधी पोचली. पालकांकडून लेखी संमतीपत्रं हवी होती, ती पटापट भरली जात होती, ती थांबली. पहिल्या दिवशी ४१ पैकी ९ मुलं आली.

एका बाकावर एक मूल. गणित, विज्ञान, इंग्रजी वर्गात आणि बाकीचे विषय ऑनलाइन. डब्याची सुट्टी नाही, तीन-चार तासांत घरी. मुलांचे अर्धे गट करून एकाआड एक दिवस बोलवायचे. आम्ही सोप्यातला सोपा मार्ग धरला, हजेरी क्रमांक सम आणि विषम. सोमवारी विषम, मंगळवारी सम.

पहिले दोन आठवडे मी जे केलं ते आज आठवून हसू येतं. सोमवारी विषम गटाला एक उदाहरणसंग्रह शिकवला. मंगळवारी तोच सम गटाला शिकवला. सोमवारी रात्री, जे आज घरी होते त्यांना मागे पडल्यासारखं वाटू नये म्हणून, तोच आवाजात रेकॉर्ड करून टाकला. एक गोष्ट तीनदा सांगून घसा बसला आणि अभ्यासक्रम निम्म्या वेगाने सरकत होता. २५ टक्के अभ्यासक्रम कमी केलेला असूनही पुरेना.

तो गुंता सुटला एका चुकीमुळे. वर्गसमीकरणं सूत्राने सोडवायची होती. क्ष वर्ग वजा ५ क्ष अधिक ६ बरोबर शून्य. उत्तरं २ आणि ३. एक मुलगा ऑक्टोबरपासून अशा उदाहरणांत चिन्हं उलटी आणत होता, उणे २ आणि उणे ३. मी दरवेळी त्याच्या फोटोवर लाल गोल करून "चिन्ह बघ" असं लिहायची. तो बघायचा, दुरुस्त करायचा, पुढच्या उदाहरणात परत तेच. डिसेंबरात तो वर्गात बसला होता आणि मी त्याच्या मागे उभी राहिले, नेमाच्या अंतरावर. सूत्रात 'उणे बी' आहे. बी ची किंमत उणे ५. त्याने लिहिलं, उणे ५. मी विचारलं, "सूत्रातलं उणे कुठे गेलं?" तो म्हणाला, "हेच की मॅडम ते. पाचाला आहे ना लावलेलं." त्याच्या मते सूत्रातलं उणे आणि किमतीतलं उणे हे एकच चिन्ह होतं, दोनदा कशाला लिहायचं? दोन मिनिटांत मिटलं. दोन महिने फोटोंत मला फक्त चुकलेलं उत्तर दिसत होतं. हात कुठे थांबतो, काय आधी लिहितो, कुठे बाजूच्याकडे बघतो, हे फोटोत येत नाही.

त्या दिवसापासून मी वर्गात शिकवणं बंद केलं. हे वाक्य मुख्याध्यापकांसमोर असंच बोलले आणि त्यांनी चष्मा काढला. समजावून सांगितलं, ते असं: सांगायचं ते सगळं रात्री फोनवर, एकदाच, दोन्ही गटांना. शाळेत फळ्याला हात लावायचा नाही. शाळेत मुलांनी सोडवायचं आणि मी फिरायचं. वीस मुलं, वीस बाक, मधून चालायला जागाच जागा. इतक्या वर्षांत मला असा वर्ग मिळाला नव्हता. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत कोण पोचतं? महामारीबद्दल बरं बोलू नये, पण ही एक गोष्ट चांगली होती आणि मी ती कबूल करते.

मुखपट्टीने मात्र छळलं. कळलं की नाही हे मी मुलांच्या तोंडावर वाचते, आता डोळे तेवढे उरले. सगळेच डोळे समजल्यासारखे दिसतात.

अडचण फोन नसलेल्यांची राहिली. रात्रीचं त्यांनी ऐकलेलंच नसे, मग शाळेत येऊन सोडवणार काय? सम-विषमचा दुसरा ताप असा की एकाच वाडीतली मुलं विखुरली. एकटी मुलगी तीन किलोमीटर रानातल्या वाटेने कशी पाठवणार, असं पालक विचारू लागले. म्हणून जानेवारीत गट वाडीप्रमाणे केले. चार वाड्या सोमवारी, चार मंगळवारी. सगळी एकत्र चालत येतील, वडाप भरेल. पालक खूष. आणि माझं गणित बिघडलं. ज्या दिवशी वाडीतली सगळी मुलं घरी, त्या दिवशी त्या वाडीत शाळेतून काहीच पोचत नव्हतं. सम-विषम असताना कोणी ना कोणी रोज शाळेतून घरी जात होतं, संध्याकाळी पडवीत वही उघडत होतं, आणि उद्या जाणारा शेजारी ती बघून घेत होता. हे मी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप चाललं होतं आणि मी ते मोडलं.

परत बसले. प्रत्येक वाडीतल्या मुलांच्या जोड्या केल्या. एक जोडी सोमवारी, दुसरी मंगळवारी. दोघं असल्याने वाटेची भीती नाही, आणि रोज वाडीत कोणीतरी शाळेतून आलेलं. जोडीत शक्यतो एक फोनवालं घर, एक बिनफोनचं. मोहल्ल्यातल्या दोघी मैत्रिणींना एका जोडीत ठेवायला लागलं, त्यांनी हट्टच धरला. आज जाऊन आलेल्याने उद्या जाणाऱ्याला एक उदाहरण समजावायचं आणि वहीत समजावणाऱ्याने सही करायची, एवढा एकच नियम. सह्यांचं मुलांना फार कौतुक वाटलं. एकाने तर नावाखाली दोन रेघा मारून हेडमास्तरांसारखी सही बसवली.

वरून जो रोजचा ऑनलाइन तक्ता भरायला येई, त्यात दोनच रकाने होते: प्रत्यक्ष उपस्थित आणि ऑनलाइन उपस्थित. पडवीत शेजाऱ्याकडून शिकलेलं मूल कोणत्या रकान्यात घालायचं? मी त्यांना 'ऑनलाइन' मध्ये घातलं. चार दिवसांनी फोन आला: तुमच्या शाळेत फोन इतके आणि ऑनलाइन मुलं त्याहून जास्त कशी? खुलासा लिहून दिला. उत्तर आलं नाही, पण तक्त्यातले रकानेही दोनच राहिले.

फेब्रुवारीअखेर रुग्ण वाढू लागले, संमती दिलेले पालक पुन्हा मागे सरले, आणि एप्रिलमध्ये सगळं थांबलं. २० एप्रिल २०२१ ला दहावीची परीक्षा रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्या रात्री गटावर आधी फटाक्यांची चित्रं आली. साडेनऊला, शंकांच्या वेळी, एका मुलीने लिहिलं, "मॅडम मग आता सह्यांचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. मी त्रिकोणमितीचं पान टाकलं. सात जणांनी सोडवून पाठवलं.

मूल्यमापनाचं सूत्र नंतर आलं. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. नववीचा निकाल २०२० च्या टाळेबंदीत पहिल्या सत्रावर लागलेला. म्हणजे निम्मे गुण मुलांना महामारी हा शब्दही माहीत नव्हता तेव्हाचे. उरलेल्यांसाठी पुरावा हवा होता आणि आमच्याकडे पुरावा होता, त्या कापडी पिशव्यांतल्या वह्या. मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा मी घरच्या कपाटातलं दुसरं काही हलवलं नाही, वह्यांचे गठ्ठे तेवढे माळ्यावर चढवले. १६ जुलैला निकाल लागला. राज्याचा ९९.९५ टक्के, आणि संकेतस्थळ तासन्‌तास उघडेना. त्या टक्क्यांवर विनोद पुष्कळ झाले. मला ते अजूनही आवडत नाहीत. मुलांनी परीक्षा टाळली नव्हती, त्यांना ती मिळाली नव्हती.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो होतो असं वाटत होतं. जुलैपासून मागच्या इयत्तेची उजळणी करणारा सेतू अभ्यासक्रम, कोविडमुक्त गावांत १५ जुलैपासून आठवी ते बारावीचे वर्ग, मग ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून सगळ्यांसाठी शाळा. जोड्या, रात्रीचा आवाज, सह्या, सगळं बसवलेलं. आणि नोव्हेंबरात एसटीचा संप आला. शाळा उघडी, शिक्षक हजर, मुलांचे पास खिशात आणि गाडी नाही. लांबच्या तीन वाड्यांतली मुलं पुन्हा घरी. संप मिटेपर्यंत एप्रिल २०२२ उजाडला, तोवर परीक्षा होऊनही गेली होती. वडापचं रोजचं भाडं सगळ्यांना झेपणारं नव्हतं. मग त्या वाड्यांपुरती जुनीच व्यवस्था चालवली. आठवड्यातून दोन दिवस वडाप, बाकी आवाज आणि पिशव्या. महामारी ओसरली तरी आमची मिश्र शाळा चालूच होती, फक्त कारण बदललं होतं.

त्याच हिवाळ्यात बांगडीची गोष्ट घडली. भौमितिक रचनांच्या फोटोंत एका वाडीतली सगळी वर्तुळं अगदी एकसारखी, सुबक येऊ लागली. शाबासकी दिली. मग ती मुलं शाळेत आली तेव्हा वह्या हातात घेतल्या. कागदावर कंपासच्या टोकाचं भोकच नाही. वाडीत मिळून एक कंपास, त्याचाही स्क्रू हरवलेला, म्हणून सगळ्यांनी एकीच्या आईची बांगडी ठेवून वर्तुळं काढली होती. मी रागावणार होते, इतक्यात एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, पुस्तकात केंद्राचा उपयोग न करता स्पर्शिका काढा असंपण आहे." आहे खरं. वर्तुळावरच्या बिंदूतून जीवा घ्यायची, अंतर्लिखित कोन करायचा, तेवढाच कोन बाहेर जीवेशी काढायचा. मी दर वर्षी ही रचना शिकवते, आणि केंद्र माहीत असताना ते न वापरण्याचा हट्ट कशाला, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. त्या वर्षी कोणी विचारलं नाही. बांगडीला केंद्र नसतंच. कोन मात्र त्यांनी कोनमापकाने मोजून काढले होते, ते मी चालवून घेतलं.

१५ मार्च २०२२ ला लेखी परीक्षा सुरू झाली, आपापल्या शाळेतच केंद्र, ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त. तो अर्धा तास किती लागणार होता ते आम्हाला सराव परीक्षेतच दिसलं होतं. मुलांना येत होतं, पण हात चालत नव्हता. तास-दीड तासात पेन खाली ठेवून बोटं झटकायची. दोन वर्षं एकेक पान लिहून फोटो काढायची सवय. फेब्रुवारीभर मी गणित सोडून त्यांना नुसतं लिहायला लावलं, घड्याळ लावून, सलग. त्यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. मी वर्गात बसून वह्या तपासायची.

गेल्या महिन्यात माझ्या फोनची मेमरी भरली आणि मी त्या दोन वर्षांचे फोटो काढून टाकायला बसले. हजारो पानं. अक्षरावरून मला अजून प्रत्येकाचं नाव सांगता येतं. तिरपा सात, पोट फुगलेला पाच, दोन रेघांची सही. एकच फोटो ठेवला आहे, बांगडीने काढलेल्या वर्तुळाचा, कडेला निळसर काचेची बांगडीही आलेली. तो कोणाचा ते मात्र ओळखू येत नाही. त्यावर अक्षर नाही.